जिवाची घालमेल कुठल्या भाषेत सांगायची?

मानसोपचाराच्या ओपीडीत डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, काय त्रास होतो? खानापूरच्या जंगलपट्ट्यातून आलेली पन्नाशीची बाई शेजारच्या लेकीकडं बघून बोलायला लागते. डोस्कं गच्च झालंय, काळजात धस्स होतंय, हातपाय गळाल्यागत वाटतंय, चुलीपुढं बसलं तरी उठून कुठंतरी निघून जावं असं वाटायलंय, विहिरीकडं गेलं की पाय तिथंच घुटमळतात. दोन-तीन मिनिटं सलग. लेक सगळं ऐकून घेते आणि डॉक्टरांना सांगते, ‘निद्दी बरंगिल्ल अंताळ.’ झोप येत नाही म्हणते.

विहीर गेली. डॉक्टर झोपेची गोळी लिहितात, पुढचा नंबर येतो. ह्यात डॉक्टरांची चूक नाही, लेकीची तर नाहीच. आईला मरावंसं वाटतंय हे परक्या माणसापुढं, परक्या भाषेत, आईच्याच देखत कुठली लेक बोलून दाखवेल? चूक व्यवस्थेची आहे, कारण भाषांतराचं काम तिनं त्या लेकीवर सोडलं.

२०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाखांवर होती आणि त्यातले साधारण १९ टक्के लोक मराठी मातृभाषेचे. खानापूर, बेळगाव, निपाणी ह्या भागांत हे प्रमाण कितीतरी जास्त. अमेरिकेत २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचे लोक १८.७ टक्के निघाले. प्रमाण जवळपास सारखं, आणि अडचणही तीच. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली पाहणी केली, तेव्हा स्पॅनिशमधून उपचार देऊ शकतो असं म्हणणारे मानसशास्त्रज्ञ होते फक्त ५.५ टक्के. तिथल्या आज्ज्यासुद्धा ‘नैराश्य’ म्हणत नाहीत, ‘नेर्व्हिओस’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडं ‘जीव घाबराघुबरा होतो’ म्हणतात तसं.

तिथं केलेल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलाला दुभाषी करायचं नाही, असा नियम झाला. वस्तीतल्याच बायकांना शिकवून ‘प्रोमोतोरा’ म्हणून नेमलं. आपल्या आशा कार्यकर्तीची ती बहीणच म्हणायची. आणि २०२२ साली ९८८ ही मानसिक संकटाची हेल्पलाइन सुरू झाली, त्यात दोन दाबलं की स्पॅनिश बोलणारं माणूस मिळतं. बाहेरून डॉक्टर आणून त्यांना भाषा शिकवत बसण्यापेक्षा ज्यांना भाषा येते त्यांना काम शिकवणं लवकर होतं. सीमाभागात तर हे फारच सोपं आहे. इथली मराठी शाळेत शिकलेली पोरं कन्नडही शिकतात. दोन्ही भाषा येणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. फक्त ह्या कौशल्याला अजून कुणी कौशल्य म्हणून पगार देत नाही.

कायदाही ह्याच बाजूनं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, अंमल २९ मे २०१८ पासून. त्यात संमतीची व्याख्याच अशी आहे की, फायदे-धोके आणि दुसरे पर्याय रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितल्यावर दिलेली संमती तीच खरी. कलम २२ म्हणतं की आजाराची आणि उपचाराची माहिती रुग्णाला कळेल त्या भाषेत आणि त्या पद्धतीनं मिळाली पाहिजे. म्हणजे कन्नड किंवा इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेतला म्हणून संमती झाली असं होत नाही. कलम ३१ मनुष्यबळाचं आहे. सरकारी दवाखान्यांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजाराच्या प्राथमिक आणि तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण द्यायचं, आणि तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत न्यायला कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षं. ही मुदत मे २०२८ मध्ये संपते. तोपर्यंत बेळगावात किती तज्ज्ञ येतील ते येवोत, पण त्यांच्या आणि रुग्णाच्या मधे बसणारं माणूस आजपासून तयार करता येतं.

आधी शब्दांकडं बघू. बहुतेक घोटाळा इथंच होतो, आणि तो कन्नड अजिबात न येण्यापेक्षा अर्धवट येण्यानं जास्त होतो. दोन्ही भाषांत संस्कृत आणि फारसी शब्द सारखे आहेत, पण अर्थ सरकलेले आहेत. कन्नडमध्ये ‘आतंक’ म्हणजे काळजी, चिंता. आपल्या कानाला आतंक म्हटलं की दहशत. भिंतीवरच्या कन्नड पोस्टरवर ‘आतंक’ लिहिलेलं असतं ते चिंतारोगाबद्दल. कन्नडचा ‘अनुमान’ म्हणजे संशय. डॉक्टरांनी ‘अनुमान’ येतो का असं विचारलं तर ते लोक तुमच्यावर पाळत ठेवतात असं वाटतं का, ह्या दिशेनं विचारत असतात. मराठीत अनुमान म्हणजे अंदाज, मग पेशंट म्हणतो, ‘हो, अंदाज येतो की.’ आणि चार्टवर संशयाचं लक्षण नोंदलं जातं. ‘संकट’ कन्नडमध्ये जिवाची तगमग, आपल्याकडं आपत्ती. ‘बेजारु’ म्हणजे कंटाळा, उदासी, वाईट वाटणं. मराठीत ‘बेजार’ म्हणजे दातदुखीनं नाहीतर सुनेच्या कटकटीनं जेरीस येणं. सीमाभागाच्या बोलीत ह्या दोन्ही छटा मिसळून गेल्यात, म्हणून ‘बेजार आलंय’ असं कुणी म्हणालं तर पुढं एकच प्रश्न विचारावा: कशानं? उत्तरात माणसाचं किंवा दुखण्याचं नाव आलं तर ते जेरीस येणं. ‘कशानंच नाही, उगंच’ आलं तर थांबून नीट ऐकावं. ‘खिन्नते’ हा कन्नडमधला नैराश्याचा वैद्यकीय शब्द. मराठी माणसाला ‘खिन्न’ समजतो, पण तो त्याला संध्याकाळपुरता वाटतो, आजाराएवढा मोठा वाटत नाही.

उलट बाजूनंही असंच होतं. मराठीत ‘डोकं फिरलंय’ म्हणजे राग आलाय. शब्दशः कन्नड केलं तर चक्कर येते असं होतं, नाहीतर वेड लागलंय असं. ‘अंगात येतं’ ह्याचं भाषांतरच करू नये. तसंच ठेवावं आणि कधी, किती वेळ, नंतर आठवतं का, घरात कुणाच्या अंगात यायचं का, एवढं विचारून लिहावं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या मुलखात अंगात येणं हे दरवेळी आजार नसतं. पण ज्या बाईच्या अंगात सणावारी यायचं तिच्या अंगात रोज यायला लागलं, ती जेवेना, झोपेना झाली, तर मात्र दाखवायला पाहिजे.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक तालुका रुग्णालयात चाळीस-पन्नास शब्दांची एक वही. डाव्या बाजूला गावात बोलतात तो मराठी शब्द, मधे त्याचा नेमका अर्थ, उजवीकडं कन्नड. बायका वेगळं बोलतात, पुरुष वेगळं; खानापूरच्या पश्चिमेला बोली कोकणीकडं झुकते, निपाणीत कोल्हापूरकडं. वही करायची तर आशा, नर्स, शिक्षक आणि दोन-चार बरे झालेले पेशंट एकत्र बसवावेत. प्रत्येक शब्दाचं कन्नड एकानं करायचं, दुसऱ्यानं डावी बाजू झाकून त्याचं परत मराठी करायचं. मूळ शब्द परत आला नाही तर भाषांतर बदलायचं. मग दहा लोकांना विचारून बघायचं की ह्या शब्दावरून तुम्हाला काय कळलं. हे शेवटचं काम लोक टाळतात, आणि तिथंच वही फसते.

चाचणीचं बघा. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन तीस वर्षांवरच्या लोकांचा जो तपासणी फॉर्म भरते, त्यात बीपी-शुगरच्या प्रश्नांबरोबर मनाबद्दलचे दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेना झालाय का, आणि उदास, निराश वाटतंय का. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ६. फॉर्मवर ३ पेक्षा जास्त आले तर पुढं पाठवा असं लिहिलेलं असतं. पण मूळ चाचणीत ३ पासूनच पुढची तपासणी धरतात, म्हणून ३ आलेल्यालाही सोडू नये.

फॉर्म कन्नड, घर मराठी. आशा मनातल्या मनात भाषांतर करून विचारते, आणि दहा आशा दहा तऱ्हेनं विचारतात. ‘कामात रस वाटतो का?’ ह्यावर दिवसाला हजार विड्या वळणारी निपाणीची बाई म्हणणार, ‘रस कसला? वळलं न्हाई तर खायचं काय?’ आणि तिला शून्य मिळतो. प्रश्न ठरलेल्या मराठी शब्दांतच विचारावा आणि सगळ्यांनी एकच मजकूर वापरावा. कळला नाही तर मग उदाहरण द्यावं: पूर्वी ज्यात जीव रमायचा, पोरांचं बोलणं, गल्लीतलं हळदीकुंकू, संध्याकाळची मालिका, त्यात आता रमतो का? गुण मात्र मूळ प्रश्नाचेच द्यावेत.

दुसरी अडचण दिवस मोजायची. ‘निम्म्याहून जास्त दिवस’ हे लिहिताना सोपं, सांगताना अवघड. ‘दोन आठवडे’ ऐवजी ‘मागच्या दोन बाजारांपासून’ म्हटलं की लगेच कळतं. पिशवीत चौदा चिंचोके ठेवायचे. ‘हे चौदा दिवस. ज्या दिवशी उदास वाटलं तेवढे बाजूला काढा.’ एकही नाही तर ०, सातापर्यंत १, आठ ते अकरा २, बारापासून पुढं जवळजवळ रोज म्हणून ३. अक्षरओळख नसलेल्या आज्जीही हे बिनचूक करतात. ज्यांचे गुण वर जातात त्यांना नऊ प्रश्नांची पुढची चाचणी. ती २७ गुणांची. १० पासून मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र, २० पासून तीव्र धरतात. त्यातला नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. एकूण गुण कितीही कमी असले तरी ह्या एकट्या प्रश्नाला शून्याहून जास्त उत्तर आलं तर त्या माणसाला तसंच घरी पाठवायचं नाही. चाचणी म्हणजे निदान नव्हे, हे आशालाही सांगून ठेवावं. नाहीतर गावात ‘तिला डिप्रेशनचे बारा आलेत’ अशी चर्चा सुरू होते.

तो मरणाच्या विचारांचा प्रश्न विचारायला सगळेच घाबरतात. विचारलं तर डोक्यात भरेल असं वाटतं. तसं होत नाही. कुणीतरी विचारलं ह्यानंच बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. मराठीत पायरीपायरीनं जावं: जगणं नको वाटतं का? स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का? कसं करायचं तेही डोक्यात आलंय का? ते सामान घरात आहे का? चौथ्या प्रश्नाला हो आलं की त्या माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला, शक्यतो पेशंटला विचारूनच, सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गाडीसाठी १०८. आपल्याकडं घरात असलेलं सगळ्यात धोक्याचं सामान म्हणजे फवारणीचं औषध. ते माळ्यावर, गोठ्यात, खाटेखाली पडलेलं असतं. त्या घरापुरतं ते शेजाऱ्याकडं किंवा शेतातल्या कुलपाच्या पेटीत हलवावं, किल्ली दुसऱ्याकडं. आत्महत्येचा विचार कित्येकदा थोडा वेळ टिकणारी लाट असते, आणि त्या वेळात हाताशी काय आहे ह्यावर जीव वाचणं अवलंबून असतं. कुणी पिलंच असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. बाटली किंवा लेबल सोबत घेऊन सरळ दवाखान्यात न्यावं. पोलिसांच्या भीतीनं लपवू नये. वर सांगितलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ मध्ये म्हटलंय की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही.

आता मधे बसणारा माणूस. दुभाष्याचं काम म्हणजे दोन्ही भाषा येणं नव्हे, त्याची शिस्त आहे. दुभाष्यानं पेशंटच्या बाजूला, किंचित मागं बसावं. डॉक्टरांनी पेशंटकडं बघून बोलावं, दुभाष्याकडं नाही. पेशंट ‘मला’ म्हणाला तर दुभाष्यानंही ‘मला’च म्हणायचं, ‘ती म्हणते’ नाही. दोन-तीन वाक्यांनी पेशंटला हळूच थांबवून भाषांतर करायचं. सारांश करायचा नाही, आणि बोलणं सुधारायचं तर नाहीच नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. ज्याचे विचार विस्कटलेत त्याचं बोलणंही विस्कटलेलं असतं, आणि डॉक्टर निदान करतात ते त्या विस्कटण्यावरून. भल्या मनाचा दुभाषी वाक्यं नीट जुळवून सांगतो आणि आजार झाकला जातो. न कळलेलं ‘कळलं नाही’ असंच सांगावं. सुरुवातीला पाच मिनिटं डॉक्टर आणि दुभाष्यानं आपसात ठरवून घ्यावं, शेवटी पाच मिनिटं शंका बोलून घ्याव्यात. वेळ दुप्पट लागतो. तो ओपीडीच्या वेळापत्रकात आधीच धरला नाही तर तिसऱ्या पेशंटपासून सारांश सुरू होतो.

घरचा माणूस दुभाषी नको, ह्याचं कारण फक्त लाज नव्हे. घरात मारहाण होत असेल तर मारणाराच सोबत आलेला असू शकतो. नवरा दारूचं प्रमाण निम्म्यावर आणतो. सासू ‘कामचुकार आहे’ हे आपलं मत भाषांतरात मिसळते. घरच्यांकडून माहिती जरूर घ्यावी, पण वेगळी, आणि ‘हे घरचे सांगतात’ अशी नोंद करून. वॉर्डबॉय किंवा शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ओढून आणणं तर त्याहून वाईट. तो पेशंटच्या गावचाच निघाला तर पेशंट पुन्हा येत नाही.

कर्नाटकात २०१४ पासून मनोचैतन्य कार्यक्रमात मंगळवारी तालुका रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ येतात. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी अशा ठिकाणी त्या एका दिवसासाठी दोन शिकवलेले दुभाषी ठेवायचे म्हटलं तर खर्च अगदी मामुली आहे. धारवाडच्या डिमहान्स ह्या मानसिक आजारांच्या सरकारी संस्थेपर्यंत, बेळगावपासूनच पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, जाऊन, एक रोजगार बुडवून, अर्धवट सांगून परत यायचं आणि महिनाभर चुकीच्या गोळ्या खायच्या, ह्याचा खर्च कितीतरी जास्त होतो. तो सरकारच्या वहीत दिसत नाही एवढंच.

पण नुसत्या दुभाष्यावर थांबू नये. गप्पांच्या उपचाराला, म्हणजे समुपदेशनाला, मधे माणूस बसवून रंग भरत नाही. ते थेट मराठीतूनच झालं पाहिजे. आणि त्याला दरवेळी डॉक्टर लागत नाही, हे शेजारच्या गोव्यात सिद्ध झालंय. तिथं प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्र न शिकलेल्या स्थानिक लोकांना शिकवून बऱ्यापैकी तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घ्यायला लावल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. हा अभ्यास ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आला. विदर्भात अमरावतीकडं ‘विश्राम’, नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’, ही अशीच कामं तर मराठीतूनच झाली. म्हणजे मराठीत हे जमतं का, हा प्रश्न शिल्लक नाही.

ह्या बैठकांत काय करतात? मन बरं वाटलं की काम करू, असं आपण म्हणतो. इथं उलटं करतात. आधी छोटी कृती, मग मन. पहिल्या बैठकीत आठवड्याचा दिनक्रम मांडायचा आणि कुठल्या वेळी मन जास्त खचतं ते बघायचं. मग त्या वेळेसाठी एकच छोटी गोष्ट ठरवायची. दुपारी तीन वाजता घर खायला उठतं, तर तीनला अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा काढून शेजारणीकडं नेऊन द्यायच्या. ‘मन रमवा’ असं सांगून काही होत नाही. कुठं, किती वाजता, कुणाबरोबर, हे ठरलं तरच होतं. पुढच्या वेळी जमलं का विचारायचं. जमलं नसेल तर दोष द्यायचा नाही, काम अजून लहान करायचं.

शिकाऊ समुपदेशक कुठं चुकतात ते ठरलेलं आहे. पहिल्या मिनिटात सल्ला देतात. ‘तुमच्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत’ म्हणतात. समोरचा रडायला लागला की पाण्याचा ग्लास पुढं करून विषय बदलतात. आणि ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊन बसतात. वचन नेहमी असं द्यावं: तुमचं बोलणं माझ्याजवळच राहील, पण तुमच्या जिवाला धोका वाटला तर मला सांगावं लागेल, आणि ते तुम्हाला सांगूनच सांगेन.

माणसं निवडायची कशी? शिक्षणाआधी दोन गोष्टी बघाव्यात. दहा मिनिटं कुणाचं तरी ऐकायला लावावं आणि मग ऐकलेलं परत सांगायला लावावं. जो पदरचं घालत नाही तो चालेल. दुसरं, गल्लीत विचारावं की भांडण-दुःख झालं की बायका कुणाकडं जातात. ज्या अक्काचं नाव तीन घरांतून येतं तिला घ्यावं. (‘अक्का’ हा शब्द इथं दोन्ही भाषांचा आहे. पेशंटनंही समुपदेशकाला अक्का-अण्णा म्हणावं. ‘मॅडम’ आलं की अर्धं बोलणं आटतं.) स्त्रीशक्ती संघांतल्या बायका, मराठी शाळांचे निवृत्त गुरुजी, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, होऊन घरी बसलेली पोरं, विडी कामगारांत मान असलेल्या मावश्या. सगळं ओझं आशावर टाकू नये. हजार लोकसंख्येमागं एक आशा, आणि तिच्या गळ्यात आधीच बाळंतपणापासून टीबीपर्यंत सगळं आहे. तिनं ओळखायचं आणि पोचवायचं, बैठका दुसऱ्यानं घ्यायच्या.

एका तुकडीत पंधरा-सोळा जणांवर नकोत. वर्गात शिकवणं कमी, भूमिका करून बघणं जास्त, आणि ते इथल्या बोलीत: एक जण कर्जात बुडालेला ऊस शेतकरी, एक जण बाळंतीण, एक जण सौदीहून परतलेला पोरगा. त्यानंतर काही महिने देखरेखीखाली उमेदवारी. तीन-चार दिवसांचं शिबिर घेऊन प्रमाणपत्र वाटायचं, फोटो काढायचा आणि विसरायचं, ही जी रीत पडलीय तिचा काहीच उपयोग नाही. कौशल्य टिकतं ते दर आठवड्याच्या बैठकीमुळं. चार-सहा जणांनी बसायचं, पेशंटच्या परवानगीनं रेकॉर्ड केलेली एखादी बैठक ऐकायची आणि गुण द्यायचे. गोव्यात समुपदेशक एकमेकांच्या बैठका अशाच ऐकून तपासायचे. महिन्यातून एकदा तज्ज्ञ. त्यांना कन्नडच येत असेल तर तिथं दुभाषी बसवावा, हरकत नाही.

मानधन ठरलेलं आणि वेळेवर पाहिजे, एसटीचं तिकीट वेगळं. आणि पुढची पायरी दिसली पाहिजे. नाहीतर दोन वर्षांत चांगली पोरं पुण्याला नाहीतर गोव्याला जातात. उत्तम काम करणाऱ्याला मनोरुग्ण परिचर्येच्या पदविकेला किंवा एमएसडब्ल्यूला पाठवावं, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या समाजसेवक-नर्सच्या जागा भरताना दोन्ही भाषा येण्याला वेगळे गुण द्यावेत. सरकारी नोंदी कन्नडमध्येच राहणार, त्यामुळं कन्नड लिहिणं चांगलं पाहिजे. ह्यात वाद घालून पोरांचं नुकसान करू नये. मात्र नोंदवहीत एक नियम पाळावा: पेशंटचं मुख्य वाक्य अवतरणात, देवनागरीत, जसंच्या तसं. ‘काळीज कुरतडल्यागत होतंय.’ सहा महिन्यांनी दुसरा माणूस बसला तरी त्याला तेच वाक्य धरून विचारता येतं, आता कुरतडतंय का?

पुरुषांचं थोडं वेगळं आहे. ते उदासीसाठी येत नाहीत, दारूसाठी आणले जातात. आपल्याकडं दारू सोडायला पंढरीची माळ घालतात, आणि त्यानं कित्येकांची खरोखर सुटलीय, त्या माळेचा मान राखलाच पाहिजे. पण वर्षानुवर्षं रोज सकाळपासून पिणारा माणूस एकदम थांबला की पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो; दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भलतंच दिसायला लागतं, जीवही जाऊ शकतो. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली. अशा माणसाला माळ घालायच्या आधी डॉक्टरांकडं न्यावं. चार-आठ दिवसांच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व मिळतं, मग माळ घालावी. बुवांना आणि देवऋष्यांनाही हे सांगून ठेवावं, भांडू नये. ‘अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका’ असं त्यांच्या तोंडून आलं की घरचे ऐकतात.

गोळ्यांबद्दल मराठीत न सांगितल्यानं फार नुकसान होतं. नैराश्याच्या गोळ्यांचा, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन वगैरे, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. पहिल्या आठवड्यात मात्र मळमळ, डोकेदुखी होते. म्हणजे आधी त्रास, नंतर गुण. हे कुणी सांगितलं नाही तर पाचव्या दिवशी गोळ्या उकिरड्यावर जातात. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या आणि डॉक्टरांच्या सांगण्यानंच हळूहळू बंद करायच्या. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळीची सवय लागते, ती मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नये. लिथियम, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांवरची गोळी, चालू असणाऱ्यानं उन्हात राबताना पाणी आणि नेहमीएवढं मीठ घ्यावं. जुलाब-उलट्या झाल्या, हात जोरात थरथरायला लागले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. कन्नड चिठ्ठी वाचता येत नसेल तर पाकिटावर खुणा करून घ्याव्यात: सूर्य, चंद्र, ताट. निपाणीकडचे पेशंट कधी कोल्हापूरला दाखवतात, कधी बेळगावला. ब्रँड बदलतो आणि एकच औषध दोन नावांनी दुप्पट पोटात जातं. म्हणून पेशंटच्या वहीत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्यावं. आणि जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात वाड्या-गवळीवाडे तुटतात, त्यात भाताची रोप लावण. त्या भागातल्या पेशंटना मृगाआधीच दोन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांच्या गोळ्या मात्र घरच्यांकडं, थोड्याथोड्या.

जिथं माणूस नाही तिथं फोन आहे. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू, ऑक्टोबर २०२२ पासून. वीस भाषांत मराठी आहे. फोन लागल्यावर भाषा निवडायला सांगतात. मराठीवर लागेपर्यंत ठेवू नये. कर्नाटकातल्या सिमवरून केला म्हणून कन्नडमध्येच बोललं पाहिजे असं काही नाही.

दवाखान्यात मराठी फॉर्म, मराठी माहितीपत्रक हवं असेल तर भांडण न करता लेखी मागावं, मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २२ चा उल्लेख करून, आधी रुग्णालयाच्या प्रमुखांकडं. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार असा अर्ज मराठीतही देता येतो. सोबत तयार मराठी मजकूर जोडला तर काम लवकर होतं. छपाईचं कारण उरत नाही.

आणि पुढच्या मंगळवारी कुणी तालुका रुग्णालयात जाणारच असेल तर आदल्या रात्री एक चिठ्ठी करावी. पेशंटच्याच शब्दांत चार ओळी: काय होतं, कधीपासून, कुठल्या वेळी जास्त, कुठल्या गोळ्या घेतल्या. लिहिता येत नसेल तर आशाकडून लिहून घ्यावं. एखादी गोष्ट सोबतच्या माणसापुढं सांगायची नसेल तर ती लिहायची नाही, वरच्या कोपऱ्यात नुसती फुली मारायची. ही खूण नर्सला आणि दुभाष्याला आधीच माहीत असली पाहिजे. फुली दिसली की त्यांनी सोबत आलेल्या माणसाला औषधाच्या खिडकीपुढच्या रांगेत उभं करायचं, आणि दार लोटून विचारायचं, ‘बोला अक्का, आता कुणी नाही.’